जीवप्रक्रियांच्या प्रतिमान-भाषा आणि त्यांचे एडिटर : एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

भाषेचा इतिहास लिहिताना बोलणारा, ऐकणारा आणि त्यांच्यामधील संकेतव्यवस्था या तीन घटकांचा विचार अभ्यासक नेहमीच करीत आले आहेत. लिखित भाषेच्या बाबतीत मात्र चौथाही एक घटक असतो, आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. लेखन पुरे होण्यापूर्वीच ते वाचणारा, चूक दाखविणारा, गाळलेला शब्द सुचविणारा हा मधला वाचक होय. पूर्वी हे काम गुरू, लेखनिक किंवा मुद्रितशोधक करीत असे. संगणकासाठी रचलेल्या कृत्रिम भाषांमध्ये ते ‘एडिटर’ नावाच्या आज्ञावलीकडे आले. ‘एडिटर’ या शब्दास मराठीत ‘संपादक’ हा पर्याय आहे; परंतु त्या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात प्रथम वृत्तपत्राचा संपादक उभा राहतो. म्हणून व्यवहारात रूढ असलेला ‘एडिटर’ हाच शब्द प्रस्तुत लेखात योजिला आहे.

सजीवांच्या शरीरात चालणाऱ्या रासायनिक व इतर प्रक्रियांचे गणिती चित्र, ज्यास व्यवहारात मॉडेल म्हणतात आणि येथे प्रतिमान म्हटले आहे, ते लिहिण्यासाठी गेल्या सुमारे साठ वर्षांत काही स्वतंत्र भाषा निर्माण झाल्या. त्या भाषा व त्यांचे एडिटर यांचा परस्परसंबंध कसा घडत गेला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. विषय वरकरणी यंत्रविद्येचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. लिहिलेले विधान दुसऱ्या माणसाला जसेच्या तसे समजावे आणि पडताळता यावे, यासाठी भाषेत व तिच्या वाचकात कोणते गुण असावे लागतात, हा तो प्रश्न होय.

२. पूर्वपीठिका : समीकरणांचा काळ

जीवप्रक्रिया गणिताच्या रूपात मांडण्याची परंपरा संगणकाहून जुनी आहे. मायकेलिस व मेंटेन यांनी १९१३ मध्ये एन्झाइमच्या क्रियेचा वेग सूत्रबद्ध केला. लोट्का यांनी १९२५ मध्ये व व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्येतील चढउतारांची समीकरणे प्रसिद्ध केली. समीकरण मांडणे एक आणि ते सोडविणे दुसरे, ही अडचण मात्र लवकरच जाणवू लागली. ब्रिटन चान्स यांनी १९४३ मध्ये पेरॉक्सिडेज या एन्झाइमच्या अभ्यासात यांत्रिक विकलन-विश्लेषकाचे साहाय्य घेतले. हॉजकिन व हक्सली यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूतील विद्युत्स्पंदाचे प्रतिमान सिद्ध केले, तेव्हा केंब्रिजचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी बंद असल्याने हक्सली यांना हाताने फिरवावयाच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर सारी आकडेमोड करावी लागली. या काळात प्रतिमानाची ‘भाषा’ म्हणजे कागदावरील गणित होते. ते वाचणारा माणूसच असे, आणि त्यातील चूकही माणसालाच हुडकावी लागे.

महाराष्ट्राचा या परंपरेशी असलेला एक संबंध येथे नमूद करणे अगत्याचे आहे. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले आणि पुढे इतिहासकार म्हणून विख्यात झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असताना त्यांनी आनुवंशिकीतील एका प्रश्नाकडे लक्ष वळविले. गुणसूत्रावरील दोन जनुकांमध्ये पुनःसंयोग किती वेळा होतो हे प्रयोगाने मोजता येते; पण त्यावरून त्या जनुकांमधील अंतर कसे काढावे? हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये एक सूत्र दिले होते. त्यात एका ठिकाणी झालेल्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर परिणाम होत नाही असे गृहीत धरले होते. कोसंबी यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रात हा परस्परनिरोध हिशेबात घेतला. पुनःसंयोगाचे प्रमाण ‘प’ मानल्यास त्यांच्या सूत्रानुसार अंतर हे (१ + २प) भागिले (१ – २प) या राशीच्या नैसर्गिक लॉगरिदमच्या एकचतुर्थांश येते.

हे सूत्र आजही वापरात आहे. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणाऱ्या आज्ञावल्यांमध्ये कोणते सूत्र वापरावयाचे हे सांगताना अभ्यासक ‘हॉल्डेन’ अथवा ‘कोसंबी’ असा शब्द लिहितो. अशा रीतीने कोकणी-मराठी परिसरातील एक आडनाव कृत्रिम भाषेच्या शब्दसंग्रहात दाखल झाले आहे. विशेषनामाचे पारिभाषिक संज्ञेत रूपांतर होणे ही भाषांच्या इतिहासातील परिचित घटना होय. येथे विशेष इतकाच की, त्या शब्दाचे अक्षर चुकल्यास ऐकणारा समजून घेत नाही. यंत्र थांबते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, न थांबता भलतेच काही करते.

३. समीकरणापासून भाषेकडे

संगणक प्रयोगशाळेत आल्यावर प्रत्येक संशोधक आपले प्रतिमान आपल्या यंत्राच्या भाषेत लिहू लागला. त्यामुळे एकाचे प्रतिमान दुसऱ्याच्या उपयोगी पडेना. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड गारफिंकेल यांनी १९६८ मध्ये रासायनिक व जीवरासायनिक व्यवस्थांसाठी यंत्रनिरपेक्ष भाषेची कल्पना मांडली, ती या अडचणीतूनच. अभ्यासकाने समीकरणे न लिहिता रासायनिक अभिक्रियाच लिहाव्यात आणि समीकरणे यंत्राने तयार करावीत, हा या मार्गाचा गाभा आहे. १९९१ मध्ये हर्बर्ट सॉरो व डेव्हिड फेल यांनी ‘स्कॅम्प’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. १९९३ मध्ये पेद्रो मेंडेस यांची ‘गेपासी’ आली. २००० मध्ये सॉरो यांचीच ‘जार्नाक’ आली. भाषा वाढल्या, परंतु त्या एकमेकींस परक्या राहिल्या.

या बहुभाषिकतेवर उपाय म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रसंस्थेत, जपानी शास्त्रज्ञ हिरोआकी कितानो यांच्या प्रकल्पाच्या आश्रयाने, मायकेल हुका, अँड्र्यू फिनी, सॉरो आदींनी एक सामाईक भाषा रचली. तिचा पहिला स्तर २००१ मध्ये निश्चित झाला आणि तिचे विवेचन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘सिस्टिम्स बायॉलॉजी मार्कअप लँग्वेज’ हे तिचे नाव; व्यवहारात ती एसबीएमएल या आद्याक्षरांनी ओळखली जाते. त्याच सुमारास न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ‘सेलएमएल’ ही भगिनीभाषा आकारास आली. २००५ मध्ये ‘बायोमॉडेल्स’ हे प्रतिमानांचे सार्वजनिक भांडार उघडले. त्याच वर्षी प्रतिमानासोबत कोणती माहिती किमान द्यावी याचे ‘मिरियम’ नावाचे नियमही ठरले.

एसबीएमएलने आज्ञावल्यांमधील दुभाष्याचा प्रश्न सोडविला. पण त्यासाठी एक किंमत मोजावी लागली. ती भाषा यंत्रांनी एकमेकांशी बोलण्यासाठी होती. एका साध्या अभिक्रियेसाठी खुणांच्या कंसांनी भरलेल्या अनेक ओळी लागतात. माणसाला ते लेखन वाचणे क्लेशकारक आणि हाताने लिहिणे जवळजवळ अशक्य ठरते. राज्यकारभाराची भाषा एक आणि घरातील भाषा दुसरी, असे जे द्वैत इतिहासात वारंवार दिसते, तेच येथे निर्माण झाले. न्यूकॅसलचे डॅरेन विल्किन्सन यांनी एसबीएमएलसाठी लघुलेखनाची एक पद्धत सुचविली, ती या द्वैतावरील एक तोड होती. २००९ मध्ये ल्यूशन स्मिथ, फ्रँक बर्गमन, दीपक चंद्रन व सॉरो यांनी ‘अँटिमनी’ ही भाषा प्रसिद्ध केली. ती माणसाने लिहावी, माणसाने वाचावी, आणि यंत्राने तिचे एसबीएमएलमध्ये व उलट रूपांतर करावे, अशी तिची योजना आहे.

अँटिमनी या मूलद्रव्याची रासायनिक खूण ‘एस-बी’ अशी आहे, आणि एसबीएमएलची पहिली दोन अक्षरेही तीच. मराठी वाचकास या नावात आणखी एक अर्थ सापडेल. परंपरेने डोळ्यांत घालावयाचा सुरमा ज्या काळ्या चकचकीत खनिजापासून करीत, ते अँटिमनीचेच गंधकयुक्त खनिज होय. मूळ नाव देणाऱ्यांच्या मनात हा अर्थ असण्याचे कारण नाही. तथापि जे आधी डोळ्यांना दिसत नव्हते ते वाचता यावे यासाठी योजिलेल्या भाषेस अंजनाच्या द्रव्याचे नाव मिळावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

४. एडिटरची स्वतंत्र परंपरा

एडिटरचा इतिहास याहून निराळ्या वाटेने चालत आला. प्रारंभी एडिटर म्हणजे केवळ अक्षरे टंकित करण्याचे, खोडण्याचे व शोधण्याचे साधन होते. त्यास लिहिलेल्या मजकुराचे व्याकरण ठाऊक नसे. संगणक-भाषांचे व्याकरण नियमबद्ध करण्याची रीत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये मांडली. त्या रीतीचे पाणिनीच्या सूत्रपद्धतीशी असलेले साम्य पाहून तीस ‘पाणिनी-बॅकस’ असे नाव द्यावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये केली होती. असे नियम उपलब्ध झाल्यावर ते एडिटरच्या हाती देणे ही पुढची पायरी होती. १९७१ मध्ये विल्फ्रेड हॅन्सन यांनी ‘एमिली’ आणि १९८१ मध्ये टायटलबॉम व रेप्स यांनी कॉर्नेल विद्यापीठात ‘प्रोग्राम सिंथेसायझर’ तयार केला. यांत लेखकास व्याकरणाच्या साच्यातच शब्द भरावे लागत. अशुद्ध वाक्य लिहिताच येत नसे.

ही कडक शिस्त फारशी रुजली नाही, आणि त्याचे कारण भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सहज उमगावे. माणूस विचार करता करता लिहितो. वाक्याचा शेवट आधी सुचतो, मधला शब्द मागाहून येतो, एखादे पद तात्पुरते अपुरे राहते. लेखनाच्या बहुतेक क्षणी मजकूर व्याकरणदृष्ट्या अपूर्णच असतो. म्हणून एडिटरला पूर्ण वाक्याचे व्याकरण माहीत असून भागत नाही. अर्धवट वाक्याचाही अर्थ लावण्याची, आणि एका ओळीत चूक असली तरी पुढच्या ओळी समजून घेण्याची शक्ती त्याच्या ठायी असावी लागते. संभाषणात श्रोता हे काम नकळत करतो. यंत्राला ते शिकवावे लागले.

या संदर्भात कोशविद्येचा वाटा विशेष उल्लेखनीय आहे. लिहिता लिहिताच मजकुराची रचना ओळखून तिचे घटक निरनिराळ्या रंगांत व टंकांत दाखविणाऱ्या अगदी आरंभीच्या एडिटरांपैकी एक म्हणजे आय.बी.एम.चे माइक काउलिशॉ यांनी १९८५ मध्ये रचलेला ‘लेक्स’ होय. तो ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाच्या संगणकीकरणासाठी तयार झाला होता. कोशातील नोंदीत मूळ शब्द, व्युत्पत्ती, अर्थ, अवतरण आणि तारीख असे अनेक थर एकाच परिच्छेदात गुंफलेले असतात; ते डोळ्यांना वेगळे दिसल्याखेरीज संपादन करणे कठीण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये एस. एम. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या कामात हीच गरज सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांच्या मांडणीने भागविली गेली. त्या कोशाचा आरंभीचा भाग १९७६ मध्ये प्रकाशित झाला. आज कोणतीही आज्ञावली लिहिताना नावे एका रंगात, क्रियादर्शक शब्द दुसऱ्या रंगात आणि टीपा तिसऱ्या रंगात दिसतात, त्या सोयीच्या आरंभी कोशकारांची ही निकड होती, याचे स्मरण ठेवावयास हवे.

पुढची अडचण संख्येची होती. दहा भाषा व पाच एडिटर असतील, तर प्रत्येक भाषेचे ज्ञान प्रत्येक एडिटरला स्वतंत्रपणे शिकविण्यास पन्नास जोडण्या लागत. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्या सहकार्याने एक सामाईक संकेत जाहीर केला. त्यानुसार भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र ‘भाषासेवका’त ठेवावयाचे आणि कोणत्याही एडिटरने ठरावीक प्रश्न त्यास विचारावयाचे. या ओळीत चूक आहे काय, या नावाचा अर्थ काय, येथे पुढे कोणते शब्द संभवतात, असे ते प्रश्न. पन्नास जोडण्यांच्या जागी पंधरा पुरेशा झाल्या. याचा खरा लाभ लहान भाषांना झाला. ज्या भाषेचे लेखक काही शेकडाच आहेत, अशा भाषेलाही प्रचलित एडिटरात स्थान मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

५. दोन परंपरांचा संगम

अँटिमनीसाठी असा एडिटर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील सॉरो, जोसेफ हेलरस्टीन, जॉन गेनारी, स्मिथ आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी तो ‘व्हीएस कोड’ या २०१५ पासून उपलब्ध असलेल्या विनामूल्य एडिटरची जोड म्हणून तयार केला. प्रतिमानाची रचना, परीक्षण आणि भाषांतर अशी तीन प्रकारची कामे त्यात अभिप्रेत आहेत. लेखकाने नावाची पहिली अक्षरे लिहिताच उरलेले नाव सुचविणे हे पहिले. नावावर निर्देशक नेला असता त्या पदार्थाची माहिती दाखविणे हे दुसरे. आणि अँटिमनी व एसबीएमएल यांच्यात रूपांतर करणे हे तिसरे. याखेरीज रासायनिक द्रव्ये व प्रथिने यांच्या सार्वजनिक कोशांत शोध घेऊन प्रतिमानातील नावाला त्या कोशातील नोंदीचा क्रमांक जोडण्याची सोयही त्यात आहे. बायोनेटजेन या नियमाधिष्ठित भाषेसाठीही अशी जोड उपलब्ध झाली आहे.

या एडिटरचे कार्य नेमके काय, हे एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात कापूस हे खरिपाचे महत्त्वाचे पीक आहे. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसावर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला, त्याची आठवण तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. या किडीच्या जीवनक्रमाचे साधे प्रतिमान अँटिमनीच्या धर्तीवर लिहावयाचे झाल्यास ते वाचकाच्या सोयीसाठी मराठीत असे लिहिता येईल :

अंडी → अळी; दर१ × अंडी
अळी → कोष; दर२ × अळी
कोष → पतंग; दर३ × कोष

प्रत्येक ओळीत अर्धविरामापूर्वी काय कशात रूपांतरित होते ते, आणि नंतर किती वेगाने होते ते सांगितले आहे. पतंगाने अंडी घालणे, अळ्या मरणे यांसाठी आणखी काही ओळी लागतील. आता दुसऱ्या ओळीच्या आरंभी ‘अळी’ऐवजी चुकून ‘आळी’ लिहिले गेले असे समजा. माणूस संदर्भाने सावरून घेईल. शेतातल्या किडीच्या वर्णनात वस्तीतली आळी कोठून येणार? यंत्राला मात्र हा एक नवा घटक वाटतो. अशा भाषांत अभिक्रियेत नाव लिहिले की तो घटक आपोआप अस्तित्वात येतो. परिणामी खरी अळी साठत जाते, तिचा कोष होत नाही म्हणून तिची संख्या कमी होत नाही, आणि प्रतिमान तक्रार न करता चुकीचा आलेख काढून देते.

भारतीय शाब्दबोधविचारात वाक्यार्थ कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. एडिटरच्या कार्याचे वर्गीकरण या तीन संज्ञांनी फार सुटसुटीत होते.

सन्निधी म्हणजे पदांचे योग्य सान्निध्य. बाण कोठे, अर्धविराम कोठे, वेगाचे सूत्र कोणत्या अभिक्रियेशी जोडलेले, हे रचनेचे नियम एडिटर ओळीगणिक तपासतो. हे काम सर्वांत सोपे होय.

आकांक्षा म्हणजे एका पदाने दुसऱ्याची ठेवलेली अपेक्षा. ‘दर२’ असे लिहिले की त्याचे मूल्य कोठेतरी दिलेले असले पाहिजे. ‘अळी’ म्हटले की तिची आरंभीची संख्या सांगितली पाहिजे. ती अपेक्षा पुरी झाली नसल्यास एडिटर त्या नावाखाली इशाऱ्याची रेघ ओढू शकतो. वरील उदाहरणातील ‘आळी’ तिला आरंभीचे मूल्य कोणीच दिलेले नाही, याच कारणाने उघडी पडते.

योग्यता म्हणजे अर्थांची परस्परसंगती. विस्तवाने शेत शिंपले, हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही अयोग्य, हे नैयायिकांच्या परिचित दृष्टान्ताच्या धर्तीवर म्हणता येते. प्रतिमानात एक दर प्रतिदिन आणि दुसरा प्रतितास धरला, किंवा रासायनिक अभिक्रियेच्या डाव्या बाजूस नसलेले वस्तुमान उजव्या बाजूस अवतरले, तर तो दोष या प्रकारचा. एककांची संगती पारखण्याची सोय एसबीएमएलच्या साधनांत आहे. वस्तुमानाच्या दृष्टीने विसंगत अशा अभिक्रिया वेगळ्या काढण्याची पद्धत वूसब शिन व हेलरस्टीन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु अंड्यातून अळी बाहेर पडण्याचा वैजापूरच्या उन्हातील दर खरोखर किती, हे कोणताही एडिटर सांगू शकत नाही. ते शेतातील निरीक्षणानेच ठरते. येथे व्याकरणाची सीमा संपते.

६. पडताळणीचा प्रश्न

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मिळते. बायोमॉडेल्स भांडाराच्या अभ्यासकांनी, कृष्ण तिवारी यांच्या प्रमुख लेखकत्वाखाली, शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेली ४५५ प्रतिमाने घेऊन मूळ लेखात दिलेल्या माहितीवरून तेच निष्कर्ष पुन्हा मिळतात काय, हे तपासले. सुमारे ४९ टक्के प्रतिमानांच्या बाबतीत ते थेट मिळाले नाहीत. चुका शोधून, सुधारून वा मूळ लेखकांस विचारून आणखी १२ टक्के प्रतिमाने मार्गी लागली. सुमारे ३७ टक्के मात्र अखेरपर्यंत सिद्ध झाली नाहीत. लेखात मूल्य द्यावयाचे राहून जाणे, आरंभीच्या राशी न सांगणे, समीकरणातील चिन्ह उलटणे, रचनेतच विसंगती असणे, अशी त्याची कारणे आढळली.

ही कारणे भाषिक दृष्टीने पाहिली, तर त्यांतील पुष्कळशी आकांक्षाभंगाची आहेत. लेखकाच्या मनात मूल्य होते, त्याच्या यंत्रातही होते. लिहिलेल्या वाक्यात तेवढे आले नाही. समीकरणे संगणकात चालविलेल्या मजकुरातून छापील लेखात हाताने उतरवून घेतली जातात, तेव्हा जुन्या पोथ्यांच्या नकला करताना होत तसेच पाठभेद होतात. संहितेच्या चिकित्सेत पाठभेदांचे मूळ शोधण्यासाठी अभ्यासकांनी आयुष्ये वेचली आहेत. येथे मूळ प्रत चाळीस वर्षांपूर्वीची नव्हे, तर अवघ्या तीनचार वर्षांपूर्वीची असूनही ती हाती लागत नाही. माणसाला वाचता येणारा, यंत्राला चालविता येणारा आणि एडिटरने अपुरेपणा दाखवून पुरा करवून घेतलेला एकच मजकूर लेखासोबत प्रसिद्ध झाला, तर नकलेचा टप्पाच उरत नाही.

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. पवई येथील आय.आय.टी.त पी. जे. भट, के. व्ही. वेंकटेश व त्यांचे सहकारी यांनी यीस्टमधील गॅलॅक्टोज-संवेदी जनुकव्यवस्थेचे परिमाणात्मक विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध केले. या व्यवस्थेत गॅल३, गॅल४ आणि गॅल८० ही प्रथिने एकमेकांशी निगडित आहेत. त्यांपैकी गॅल८० हे केंद्रक व पेशीद्रव यांच्यामध्ये ये-जा करते, आणि त्या ये-जा करण्यावर साऱ्या व्यवस्थेची संवेदनशीलता अवलंबून आहे, असा त्या विश्लेषणाचा निष्कर्ष होता. नावे पाहता त्यांतील भेद केवळ अंकांचा आहे. त्यात भर म्हणजे, एकच प्रथिन केंद्रकातील व केंद्रकाबाहेरील असे दोन घटक म्हणून लिहावे लागते. अशा प्रतिमानात एका अंकाची चूक निष्कर्ष उलटवू शकते, आणि डोळ्यांना ती सहज निसटते. प्रत्येक नावाला प्रथिनकोशातील क्रमांक जोडलेला असेल व नावावर निर्देशक नेताच त्याची ओळख पटत असेल, तर मूळ अभ्यासक हाताशी नसतानाही नवख्या विद्यार्थ्यास ते प्रतिमान तपासता येते.

७. लिपीचा प्रश्न

वर बोंडअळीचे प्रतिमान देवनागरीत दिले, ते केवळ समजुतीसाठी. प्रत्यक्षात एसबीएमएलमध्ये घटकांची ओळखनामे रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा यांतच लिहिण्याचे बंधन आहे. मात्र ओळखनामाखेरीज प्रत्येक घटकाला एक प्रदर्शननाम देता येते आणि ते कोणत्याही लिपीत चालते. अँटिमनीतही तशी तरतूद आहे. म्हणजे मराठी विद्यार्थ्याने ओळखनाम रोमन ठेवून प्रदर्शननाम ‘अळी’ असे दिले, तर आलेखावर मराठी शब्द उमटण्यास भाषेची आडकाठी नाही.

ओळखनामेही देवनागरीत का नसावीत, असे कोणी विचारील. त्यातील अडचण दुराग्रहाची नसून संकेतांकनाची आहे. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारलेली इस्की पद्धती, पुण्याच्या सी-डॅकचे भारतीय लिप्यांविषयीचे कार्य आणि त्याच वर्षी अवतरलेली युनिकोड पद्धती यांमुळे देवनागरी संगणकावर स्थिरावली. तथापि वाचक ज्यास एक अक्षर मानतो त्या ‘क्षि’साठी युनिकोडमध्ये चार संकेत लागतात. एडिटर व भाषासेवक चुकीची जागा संकेतांच्या मोजणीने कळवितात; त्यामुळे इशाऱ्याची रेघ अक्षराच्या मध्येच संपण्याचा संभव असतो. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील चंद्रकोरी रकार दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो, आणि दोन्ही डोळ्यांना एकसारखे दिसतात. एका ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत दुसरा क्रम आला, तर माणसाला जे एकच नाव वाटते ते यंत्रास दोन भिन्न नावे वाटतील. म्हणजे ‘अळी’ व ‘आळी’ यांचा घोटाळा, पण डोळ्यांना मुळीच न दिसणारा. देवनागरी ओळखनामांना वाट करून द्यावयाची तर प्रथम हे दोन क्रम एक मानणारा नियम ठरला पाहिजे. हे काम आज्ञावलीकारांइतकेच मराठीच्या अभ्यासकांचेही आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. जीवप्रक्रियांच्या प्रतिमानांची भाषा प्रथम माणसांसाठी समीकरणांच्या रूपात होती. नंतर ती यंत्रांच्या परस्परव्यवहाराची झाली आणि माणसाला दुर्बोध बनली. अँटिमनीसारख्या भाषांनी तिला पुन्हा वाचनीय केले. वाचनीयतेने चूक दिसण्याची शक्यता वाढते, पण चूक दिसतेच असे नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी अपुऱ्या वाक्याचाही अर्थ लावणारा एडिटर आला. त्याच्या घडणीत व्याकरणकार, कोशकार आणि जीवशास्त्रज्ञ या तिघांच्याही श्रमांचा वाटा आहे.

या साधनाचे सामाजिक मूल्यही लक्षात घेतले पाहिजे. प्रतिमान मजकुराच्या रूपात असते, एडिटर व भाषा विनामूल्य मिळतात आणि साध्या संगणकावर चालतात. त्यामुळे मोठ्या प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही एखादे प्रसिद्ध प्रतिमान उघडून, ओळीओळीने वाचून, पडताळून पाहणे शक्य झाले आहे. पूर्वी हा अधिकार प्रतिमान लिहिणाऱ्याकडे व त्याच्या सहकाऱ्यांकडेच राहत असे. मात्र एडिटरने एकही रेघ ओढली नाही म्हणून प्रतिमान खरे ठरत नाही. सन्निधी व आकांक्षा यांची राखण तो करील, योग्यतेची काही अंशी करील. यथार्थतेची जबाबदारी निरीक्षकाचीच राहते. गुलाबी बोंडअळीच्या प्रतिमानातील ‘दर१’ पुढे कोणता आकडा लिहावयाचा, हे कपाशीच्या शेतात बोंडे फोडून, अंडी-अळ्या मोजूनच सांगता येईल.